दोघंही एकदम आजारी पडली तेव्हा

दोन्ही मुलं एकाच वेळी आजारी पडली तर आठवडा कसा काढता, असं विचारलंत म्हणून लिहिते. आमच्याकडे सोमवारी दीड वर्षाच्या धाकट्याला जुलाब सुरू झाले, बुधवारी थोरलीला. नवऱ्याची रात्रपाळी, सासूबाई गावी. मी बाकी सगळं सोडून फक्त त्यांच्या पिण्याकडे लक्ष दिलं.

ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घालायचं. २४ तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. पूर्वी मी वाटीत थोडी थोडी पूड कालवायचे. त्याने क्षारांचं प्रमाण बिघडतं, कृपया तसं करू नका. उलटी झाली की १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. धाकट्याचं अंगावरचं दूध चालूच ठेवलं. डॉक्टरांनी झिंक १४ दिवस दिलंय, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं.

मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र रात्र असली तरी दवाखाना गाठा.

शनिवारी थोरलीने आपणहून वरणभात मागितला. मला रडूच आलं.