मदत हवी आहे: सूडपटाच्या दुसऱ्या भागातली मारामारी सलग शॉटमध्ये कशी घ्यायची?

लातूरजवळ मार्शल आर्ट्सच्या सूडकथेचा दुसरा भाग शूट होतोय, लघुपटच आहे. तो पहिल्यापेक्षा सरस व्हायलाच हवा. समोर नमुना 'निंजा: शॅडो ऑफ अ टिअर' (२०१३) या दुसऱ्या भागाचाच. दिग्दर्शक आयझॅक फ्लोरेंटाइन आणि नायक स्कॉट अ‍ॅडकिन्स २००९ च्या 'निंजा'तलेच, पण टिम मॅनने बसवलेल्या मारामाऱ्या कितीतरी उजव्या: शॉट लांब, फटका अंगावर बसलेला दिसतो.

अडचण इथंच आहे. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे असेपर्यंत ठोसा आणि चेहरा यांच्यातलं वीतभर अंतर झाकलं जातं. कॅमेरा बाजूला फिरला की ठोसा हवेत गेलेला उघड दिसतो. कट मारला तर सलगपणाच संपतो. सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेमवर घेतलं की हात चपळ दिसतात, पण चालणं झटकेदार होतं.

दुसरं, जमीन काळी, भेगाळलेली. पडण्यासाठी फोमची गादी पुरून वर माती पसरली, तर पाय रुतून घोटा मुरगळतो. सोयाबीनचं भुसकट दाबून भरलं तर चालेल का? किती जाड थर लागेल?

कॅमेरा फिरताना फटक्याची वेळ कशी जुळवायची, हे स्टंटचं काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.