लेखापरीक्षकाने पकडल्यावर पुढे काय? मिसिसिपीचा कल्याण निधी आणि ना-नफा पत्रकारिता

दक्षिणवारा (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या बातम्या म्हणजे वॉशिंग्टन, असं आपल्याला वाटतं. पण शाळा, तुरुंग, गरिबांचे दवाखाने, मदतीचे पैसे हे सगळं राज्याच्या राजधानीत ठरतं, आणि नेमक्या तिथल्याच पत्रकारांच्या खुर्च्या गेल्या वीस वर्षांत रिकाम्या होत गेल्या. वर्तमानपत्रांच्या जाहिराती गेल्या, मग माणसं गेली. ती जागा थोडीफार भरून काढली ती देणग्यांवर चालणाऱ्या, नफा न वाटणाऱ्या वृत्तसंस्थांनी. प्यू संशोधन केंद्राच्या २०२२ च्या पाहणीत राज्यांच्या विधिमंडळांचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांमध्ये अशा संस्थांचा वाटा २० टक्के निघाला. २०१४ मध्ये तो ६ टक्के होता.

मी मिसिसिपीच्याच भागात राहते, म्हणून तिथलं प्रकरण सविस्तर मांडते. तीसेक लाख वस्तीचं हे राज्य गरिबीच्या यादीत कायम वरच्या नंबरावर असतं. लहान मुलं असलेल्या गरीब कुटुंबांसाठी केंद्राकडून 'टॅनफ' नावाचा निधी येतो, वर्षाला साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास. १९९६ च्या कायद्याने तो कसा वापरायचा हे बरंचसं राज्यांवर सोडलं. मिसिसिपीत तिघांच्या कुटुंबाला यातून महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत. दिवसाला सहा डॉलरसुद्धा नाहीत. तेही मिळाले तर, कारण बहुतेक अर्ज फेटाळलेच जात.

आणि याच निधीतून पन्नास लाख डॉलर सदर्न मिसिसिपी विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संकुलासाठी गेले. या निधीतून बांधकाम करता येत नाही, म्हणून कागदावर तो विद्यापीठाच्या जागांचा भाडेकरार दाखवला. अमेरिकन फुटबॉलमधला दिग्गज ब्रेट फाव्र या संकुलाच्या मागे लागला होता. त्याची मुलगी तिथे व्हॉलीबॉल खेळायची. प्रचाराच्या आणि भाषणांच्या कामापोटी ११ लाख डॉलर त्याला स्वतःलाही मिळाले. लेखापरीक्षकांच्या मते ती भाषणं झालीच नाहीत. डोक्याला बसणाऱ्या माराच्या औषधावर काम करणाऱ्या, फाव्रची गुंतवणूक असलेल्या एका कंपनीला वीस लाखांहून जास्त गेले.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटका झाल्या. मानवसेवा विभागाचे माजी संचालक जॉन डेव्हिस, आणि ज्या संस्थेमार्फत पैसा फिरला ती चालवणाऱ्या नॅन्सी न्यू व त्यांचा मुलगा. पुढे २०२२ मध्ये तिघांनीही गुन्हा कबूल केला. मे २०२० च्या लेखापरीक्षणात तब्बल ९ कोटी ४० लाख डॉलरच्या खर्चावर बोट ठेवलं गेलं.

इथवर सरकारी यंत्रणेचं काम. सर्वसाधारणपणे इथेच बातमी संपते: अधिकारी आत गेला, फाइल बंद. 'मिसिसिपी टुडे' या २०१६ साली सुरू झालेल्या ना-नफा वृत्तसंस्थेची बातमीदार ॲना वुल्फ मात्र थांबली नाही. अधिकाऱ्याला हे करायला सांगणारं वर कोण होतं, हा तिचा प्रश्न. एप्रिल २०२२ मध्ये तिने माजी गव्हर्नर फिल ब्रायंट (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद) यांच्या मोबाइल संदेशांवर आधारित मालिका छापली. पद सोडल्यावर त्याच औषध कंपनीत हिस्सा घेण्याची बोलणी त्या संदेशांत दिसत होती. त्या सप्टेंबरात आणखी संदेश बाहेर आले. २०१७ मध्ये फाव्रने नॅन्सी न्यूंना विचारलं होतं की तुम्ही मला पैसे दिलेत, तर ते कुठून आले आणि किती, हे माध्यमांना कळण्याची काही वाट आहे का. हा प्रश्न वाचल्यावर मला दुसरं काही वाचवेना. ब्रायंट आणि फाव्र दोघांनीही गैरकृत्य नाकारलं आहे आणि दोघांवरही फौजदारी गुन्हा दाखल झालेला नाही, हेही इथे नोंदवते. वुल्फला २०२३ चं स्थानिक वार्तांकनाचं पुलित्झर (अमेरिकेतला पत्रकारितेचा सर्वांत मानाचा पुरस्कार) मिळालं.

माझं म्हणणं एवढंच: घोटाळा पकडणं हे यंत्रणेचं काम आहे, पण यंत्रणा जिथे थांबते तिथून पुढे वर्षानुवर्षं एकाच प्रकरणाला चिकटून राहणारा बातमीदार लागतो, आणि त्याचा पगार आज ना-नफा संस्थाच देऊ शकतात. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

असहमत. मी स्वतः लेखापरीक्षणात आयुष्य घालवलंय, म्हणून जरा लागलं. हे प्रकरण बाहेर काढलं ते राज्याचे लेखापरीक्षक शॅड व्हाइट यांच्या कार्यालयाने. आणि त्यांना पहिली कुणकुण कोणी दिली? २०१९ मध्ये खुद्द ब्रायंट यांनी. म्हणजे ज्यांच्यावर मालिका लिहिली, त्यांच्याच माहितीवरून तपास सुरू झाला. वही, पावती, बँकेचा उतारा हे जुळवणाऱ्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही आणि पुलित्झर बातमीदाराला. शिवाय बातमीने बदल घडला असं मानलं, तरी वर कोण आत गेलं? कुणीही नाही.

दक्षिणवारा

हिशेबनीस, लेखापरीक्षकांचं श्रेय मी नाकारलेलं नाही आणि नाकारणारही नाही. पण पुढचा भाग बघा. गेलेले पैसे परत मिळवायला राज्याने ब्रॅड पिगट नावाचे वकील नेमले. मे २०२२ मध्ये दावा दाखल झाला. जुलैत पिगटनी विद्यापीठाच्या क्रीडा प्रतिष्ठानाकडे व्हॉलीबॉल संकुलाबाबतचा पत्रव्यवहार मागवला, आणि लगेच त्यांना कामावरून काढण्यात आलं. हे काही लेखापरीक्षणात येत नाही. हे बातमीत आलं, देशभर गाजलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राज्याने सुधारित दाव्यात त्याच क्रीडा प्रतिष्ठानाला प्रतिवादी केलं. जुलैमध्ये ज्याला हात लावणाऱ्या वकिलाला घरी पाठवलं, त्याच्यावर पाच महिन्यांत दावा करावा लागला. सरकारला ही उपरती आपोआप झाली असं तुम्हाला खरंच वाटतं का?

फाव्रने ११ लाख परत केले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे या निधीवर सुनावणी झाली आणि तो स्वतः तिथे साक्षीला आला. महिन्याची मदत २०२१ मध्ये १७० वरून २६० डॉलर झाली, वीसेक वर्षांतली पहिली वाढ. ती वाढ एका वृत्तसंस्थेमुळे झाली असं मी म्हणणार नाही, त्यासाठी कार्यकर्ते कितीतरी वर्षं भांडत होते. पण १७० हा आकडा लोकांसमोर सतत ठेवला कोणी?

जुना_वाचक

ताई, मेहनतीने लिहिलंय. पण 'ना-नफा संस्थाच देऊ शकतात' यातल्या 'च'वर माझा आक्षेप आहे. नफ्यावर चालणाऱ्या वर्तमानपत्रांनी सरकारं हलवलेली आमच्या पिढीने पाहिली आहेत. ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने मुख्यमंत्री अंतुल्यांच्या इंदिरा प्रतिष्ठानच्या देणग्या आणि सिमेंटचे परवाने यांचा संबंध छापला. सिमेंटला तेव्हा परवाना लागायचा, हे तरुणांना सांगूनही पटत नाही. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. घरी आम्ही तो अंक आळीपाळीने वाचला होता. एक्स्प्रेस काही देणग्यांवर चालत नव्हता, गोएंकांच्या मालकीचा होता.

आणि तुमच्या मिसिसिपीतच बघा. १९८३ चं लोकसेवेचं पुलित्झर राजधानी जॅक्सनच्या 'क्लॅरियन-लेजर' या दैनिकाला मिळालं. गव्हर्नर विंटर यांच्या शिक्षण सुधारणांसाठी त्यांनी राज्यातल्या शाळांची दैना मांडली होती. चांगला, पैसेवाला, न घाबरणारा मालक असला की काम होतं. संस्थेचा प्रकार दुय्यम आहे.

दक्षिणवारा

काका, 'च' मी 'आज' या शब्दासोबत लिहिला होता. क्लॅरियन-लेजरचं उदाहरण चपखल आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं. वुल्फ आधी त्याच वर्तमानपत्रात होती. तिथून ती मिसिसिपी टुडेत आली. १९८३ मध्ये जे काम भक्कम जाहिराती असलेलं दैनिक करू शकत होतं, ते करायला २०१८ नंतर तिला दुसरं घर शोधावं लागलं. गोएंकांसारखा मालक पुन्हा मिळेल या आशेवर किती वर्षं बसायचं?

कायदा_कलम

धाग्यात एक गोष्ट राहिली आहे, ती मांडतो. मिसिसिपी टुडेच्या मुख्याधिकारी मेरी मार्गारेट व्हाइट यांनी एका कार्यक्रमात माजी गव्हर्नरांबद्दल असं विधान केलं, जे त्यांच्याच संस्थेच्या बातम्यांत नव्हतं. मे २०२३ मध्ये त्यांना माफी मागावी लागली. जुलैत ब्रायंट यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला, पुढे बातमीदार आणि संपादकांनाही त्यात ओढलं. २०२४ मध्ये न्यायालयाने गोपनीय सूत्रांशी संबंधित कागद दाखवायला सांगितले, तेव्हा मिसिसिपी टुडेवाले राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये दावा फेटाळला गेला.

मी पत्रकारांच्या बाजूचा आहे, तरी म्हणतो: देणगीदारांसमोर बोलताना आपल्या कामाचा प्रभाव वाढवून सांगायचा मोह या संस्थांना होतोच. 'आम्ही काय बदललं' याचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो ना. छापलेली ओळ वकील तपासतो, व्यासपीठावरचं वाक्य कोणी तपासत नाही.

मेघना_पुणे

कायदा_कलम यांचा मुद्दा अगदी रास्त. पण त्या दाव्यातून मला दुसरंच दिसतं. दोन वर्षं एका छोट्या संस्थेचा वेळ आणि पैसा कोर्टात गेला. मोठ्या कंपनीने अशा वेळी काय केलं असतं? तडजोड करून, बातमीवर पडदा टाकून पुढे गेली असती. इथे सूत्रांची नावं द्यायला ते तयार झाले नाहीत. भागधारकांना उत्तर द्यायचं नसलं की हे जमतं.

हिशेबनीस

भागधारक नाहीत, पण देणगीदार आहेत. त्यांना उत्तर द्यावं लागत नाही का? उद्या एखादा मोठा देणगीदारच राज्याचा कंत्राटदार निघाला तर?

दक्षिणवारा

प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत अशा वृत्तसंस्थांचा एक महासंघ आहे, इन्स्टिट्यूट फॉर नॉनप्रॉफिट न्यूज. त्याच्या सदस्यांना वर्षाला ५,००० डॉलर किंवा जास्त देणाऱ्यांची नावं जाहीर करावी लागतात. करसवलत असल्याने निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. वर्तमानपत्राच्या जाहिरातदारांची अशी यादी वाचकाला कधी मिळते?

तालुका_प्रतिनिधी

मिसिसिपी सोडा, आपल्याकडचं सांगतो. मी एका जिल्हा दैनिकात काम केलं, नाव घेत नाही. बातमीचं मानधन नाममात्र, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. आमदारसाहेबांचा वाढदिवस आला की पुरवणी काढायची, आणि तिच्या जाहिराती आणायच्या कोणी? आम्हीच. ग्रामपंचायतीचा सरपंच, सोसायटीचा चेअरमन, कंत्राटदार, सगळ्यांच्या दारात फिरायचं. ज्याच्याकडून अर्धं पान शुभेच्छा घेतल्या, त्याने केलेल्या रस्त्याची खडी उखडली ही बातमी पुढच्या आठवड्यात कोणत्या तोंडाने द्यायची? शिवाय सरकारी जाहिराती माहिती व जनसंपर्क खात्याकडून येतात. त्या थांबल्या तर छोट्या दैनिकाचा कागदाचा खर्च निघत नाही. हिशेबनीस, देणगीदाराची भीती मला समजते. पण आमच्यावर जाहिरातदाराचा दाब आधीपासूनच होता, आणि तो कुठल्या यादीत नव्हता.

वऱ्हाडी_वाटसरू

पण भाऊ, आपल्या देशात हा मार्ग मोकळा ठेवलाय कुठं? सरकारी कागदपत्रांवरून बातम्या काढणारी 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह', तिची ना-नफा नोंदणी जानेवारी २०२५ मध्ये आयकर खात्यानं रद्द केली. पत्रकारितेतून सार्वजनिक हित साधत नाही, असं कारण. कर्नाटकातल्या 'द फाइल'चीही तशीच गेली. अशा संस्थांना पैसा देणाऱ्या बंगळुरूच्या न्यासाकडं सप्टेंबर २०२२ मध्ये आयकरवाले जाऊन आले होते. नोंदणी गेली की देणगीवर कर, म्हणजे शंभरातले तीसेक रुपये आधीच गेले समजा. मग मिसिसिपीचं मॉडेल इथं आणायचं कसं? पी. साईनाथ यांची ग्रामीण भारतावर लिहिणारी 'पारी' ही वेबसाइट मुंबईतून २०१४ पासून चालते, मराठीतही वाचता येते, त्याचं मोल आहेच. पण रोज मंत्रालयात जाऊन फाइल मागणारा माणूस ठेवायला वेगळा पैसा लागतो.

जुना_वाचक

हे मात्र गंभीर आहे. पत्रकारितेतून सार्वजनिक हित साधत नाही असं सरकारी खातं म्हणत असेल, तर १८३२ मध्ये बाळशास्त्रींनी 'दर्पण' कशासाठी काढला? तरीही माझं मत बदललेलं नाही. करसवलत सरकारच्या हातात असते, म्हणून सवलतीवर उभी राहिलेली संस्था सरकार कधीही पाडू शकतं. वाचकाच्या वर्गणीवर उभी राहिलेली संस्था पाडायला जास्त अवघड. 'साधना' साप्ताहिक ट्रस्टतर्फे चालतं, पण त्याला टिकवलं ते वर्गणीदारांनी.

मेघना_पुणे

काका, वर्गणीचा लेख कुलूपबंद होतो. टॅनफच्या २६० डॉलरवर जगणारी बाई वर्गणी भरणार आहे का? मिसिसिपी टुडेचा मजकूर कोणालाही फुकट वाचता येतो आणि इतर वर्तमानपत्रांना फुकट छापता येतो. ज्यांच्याबद्दलची बातमी, त्यांच्यापर्यंत ती पोचली पाहिजे.

तालुका_प्रतिनिधी

फुकट छापता येतं हा मुद्दा मोठा आहे, त्यावर कोणी बोललं नाही. आमच्या जिल्ह्यात छोटी-मोठी बरीच दैनिकं आहेत आणि जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात बसून कागद वाचणारा एकही बातमीदार नाही. वाचकांच्या पैशावर असा एक माणूस ठेवला आणि त्याची बातमी सगळ्यांना एकाच दिवशी छापू दिली, तर एका संपादकाला फोन करून ती थांबवता येणार नाही. माझ्या काळात एका फोनवर पान बदलायचं.

हिशेबनीस

याला माझा विरोध नाही. फक्त त्या माणसाला स्थानिक निधी लेखापरीक्षेचा (म्हणजे जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीच्या हिशेबांच्या सरकारी तपासणीचा) अहवाल वाचता आला पाहिजे. आक्षेप कुठला, वसुलीपात्र रक्कम कुठली, अनुपालन, म्हणजे आक्षेपाची पूर्तता, कधी दाखवलं, हे न कळता लिहिलेल्या बातमीने चुकीच्या माणसावर गदा येते. हे शिकवायची माझी तयारी आहे. पण देणगीदारांची यादी पहिल्या दिवसापासून लावा, रक्कम कितीही लहान असो.