मदत हवी आहे: दोन आठवड्यांत ३ किलो उतरले, मग वजन हलेना, आता नडगीही दुखते

अभ्यासिकेतली

नमस्कार. मी पुण्यात शिकते आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन) राहते. पाच आठवड्यांपूर्वी आहारनियंत्रण आणि धावणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या. पहिल्या दोन आठवड्यांत ३ किलो वजन उतरले, पण त्यानंतरच्या तीन आठवड्यांत १०० ग्रॅमही कमी झालेले नाही. उलट दर सोमवारी ते किलोभर वाढलेले दिसते आणि गुरुवारपर्यंत पुन्हा मूळ पदावर येते. पोळी आणि भात पूर्णपणे बंद आहेत. गेल्या आठवड्यापासून उजवी नडगीही दुखू लागली आहे. आहार आणखी कमी करावा की धावण्याचे अंतर वाढवावे, एवढेच मला विचारायचे आहे. डिसेंबरातल्या सत्रपरीक्षेपूर्वी आणखी ५ किलो उतरवायचे आहेत. कृपया ‘धीर धरा’ असे उत्तर देऊ नये. ते मला घरून रोज मिळते.

पळपुटा

उंची किती, आजचे वजन किती, रोज किती अंतर धावता, डांबरी रस्त्यावर की मातीवर, आणि बूट कोणते व किती जुने, हे सांगितल्याशिवाय कोणी काही सांगितले तर तो ज्योतिषाचा प्रकार ठरेल. बुटांचे आधी सांगावे.

दोनवेळा

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत अवलंबावी. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचे आणि ४५ मिनिटे चालायचे. मधल्या वेळेत साखरेचा चहा नाही, बिस्किट नाही, काही नाही. दर वेळी खाल्ले की इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करायच्या, असा त्यामागचा साधा विचार आहे. माझे ११ किलो वजन याच पद्धतीने उतरले.

आमसूल

दोनवेळा यांच्या ११ किलोंचे अभिनंदन, परंतु बैठी नोकरी करणाऱ्या गृहस्थाला मानवलेले पथ्य धावणाऱ्या मुलीला जसेच्या तसे लावणे मला धोक्याचे वाटते. मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या सल्ल्याप्रमाणे दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे घरचे खाते आणि मला उत्तम गुण आला आहे. ताई, तुम्ही दिवसभरात नेमके काय काय खाता?

दोनवेळा

दर दोन तासांनी खायला विद्यार्थिनीला स्वयंपाकघर लागेल, आणि कॉट बेसिसवर ते कुठून येणार? आमची पद्धत मेसवाल्यांसाठीच सोयीची आहे, कारण मेसही दोनदाच वाढते.

अभ्यासिकेतली

मी दोन पर्याय विचारले होते आणि येथे तिसराच वाद सुरू झाला आहे. असो. उंची १५७ सेंटीमीटर, वजन ६५ किलो. रोज सकाळी ४ किलोमीटर, आठवड्याचे सातही दिवस, रस्त्यावरच, मध्ये न थांबता धावते. धावून आल्यावर काळी कॉफी, दुपारी मेसमधली भाजी आणि दोन वाट्या आमटी, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, रात्री काही नाही. म्हणजे मी दोनदाच खाते.

टेकडीवाला

मी बारा वर्षे वेताळ टेकडीवर धावतो आणि त्याआधी दोनदा नडगी मोडता मोडता वाचवली आहे, तेव्हा थोडा हिशेब मांडतो. धावताना शरीराच्या वजनातल्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे तुमच्या ४ किलोमीटरमध्ये सुमारे २६० जातात. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० किलोकॅलरी असतात. याचा अर्थ, महिनाभर एकही दिवस न चुकता धावल्यावर धावण्याच्या खात्यावर जेमतेम एक किलो जमा होते, आणि मेसच्या भाजीवर तरंगणाऱ्या तेलाचे दोन मोठे चमचे पोटात गेले तर त्या सकाळच्या धावण्याची जवळजवळ भरपाई होऊन जाते.

मग पहिले ३ किलो कुठून गेले? पोळी-भात एकदम सोडल्यावर यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आटते आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणीही बाहेर पडते, त्यामुळे ते बरेचसे पाणी होते. तुमचे सोमवारचे वाढलेले किलोही तेच असावे. मेसमध्ये रविवारी दुपारी ‘चेंज’, म्हणजे रोजच्यापेक्षा वेगळे खास जेवण, असतो आणि रात्री मेस बंद असते. त्या दिवशी तुम्ही काय खाता, हे तुम्ही लिहिलेले नाही.

दुखण्याबद्दल एक पाहावे. बोटाच्या टोकाने नडगीचे हाड वरपासून खालपर्यंत दाबत जावे. आतल्या कडेला वीतभर लांबीत सगळीकडे थोडे थोडे दुखत असेल तर ती नव्या धावपटूंची नेहमीची तक्रार असते आणि विश्रांतीने बहुधा बरी होते; परंतु एकाच नाण्याएवढ्या जागी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते आणि मग धावणे त्याच दिवशी थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे.

घाण्याचे_तेल

तेलाचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. रिफाइंड तेलच सर्व लठ्ठपणाचे मूळ आहे. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल वापरल्यास वजन वाढत नाही. गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी खावी.

टेकडीवाला

घाण्याचे असो वा कारखान्याचे, एका ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात. चव निराळी असते, हे मला मान्य आहे. ज्वारीचे आणि गव्हाचे पीठही वजनाला वजन धरले तर उष्मांकात जवळपास सारखेच आहे. शिवाय मेसमध्ये तेल कोणते वापरावे, हे या ताईंच्या हातात नाही.

आमसूल

ताई, हे सर्वांसमोर विचारणे आगाऊपणाचे वाटेल, परंतु विचारणे भाग आहे. पाळी वेळेवर येते का? जिना चढताना धाप लागते का, केस जास्त गळतात का? आणि दिवसात चहा किती होतो? तुमच्या यादीत चहा नाही, आणि पुण्यातली अभ्यासिका चहाशिवाय चालल्याचे मी पाहिलेले नाही.

अभ्यासिकेतली

चहा खाण्यात मोजायचा असतो, हे मला माहीत नव्हते. पाच कप होतात, साखर दोन चमचे, कारण टपरीवाला तशीच घालतो. रविवारी रात्री मैत्रिणींबरोबर बाहेर पावभाजी किंवा डोसा होतो, कारण त्या दिवशी भूक आवरत नाही. पाळी दोन आठवडे लांबली आहे. तो मी अभ्यासाचा ताण समजत होते. अभ्यासिकेच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत धाप लागते, जी दोन महिन्यांपूर्वी लागत नव्हती. नडगी बोटाने दाबून पाहिली. दुखणे लांबवर पसरलेले आहे, एका जागी नाही. पण मग आहार कमी करू की अंतर वाढवू?

आमसूल

दोन्ही नाही. पाच कपांतली साखर म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, अर्थात २०० किलोकॅलरी, आणि दूध वेगळे. तुम्ही जेवण तोडून चहावर जगत आहात. खाणे अचानक घटवून रोज धावणाऱ्या मुलींची पाळी लांबणे हा शरीराने दिलेला स्पष्ट इशारा असतो, कारण पुरेसा उष्मांक मिळाला नाही की शरीर प्रथम याच गोष्टी बंद करते आणि पुढे त्याची झळ हाडांना लागते. तुमची धाप आणि नडगी मला त्यापासून वेगळी काढता येत नाही. या आठवड्यात डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

दोनवेळा

येथे मी आमसूल यांच्याशी सहमत आहे. दोनदा जेवणे म्हणजे दोनदा पोटभर जेवणे. एक वेळ आमटी आणि एक वेळ दाणे याला आमच्याकडे दोन जेवणे म्हणत नाहीत.

टेकडीवाला

भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या आत असावा असे मानतात. तुमच्या उंचीला ते सुमारे ५६ ते ५७ किलो होते. म्हणजे वजन उतरवण्याचा हेतू योग्य आहे, फक्त परीक्षेची मुदत चुकीची आहे. नडगी शांत झाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर आठवड्यातून तीनच दिवस जावे: पाच मिनिटे भरभर चालणे, मग ६० सेकंद हळू धावणे आणि ९० सेकंद चालणे, असे वीस मिनिटे. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. तळजाई टेकडीकडे मातीच्या वाटा आहेत. मेसमध्ये दोन्ही वेळा दोन पोळ्या घ्याव्यात, भाजी वाटीच्या कडेने तेल निथळून घ्यावी, आणि उकडलेली दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी जोडावी.

अभ्यासिकेतली

डॉक्टरांकडे जाऊन आले. हिमोग्लोबिन ९.६ निघाले, थायरॉइड ठीक आहे. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणाबरोबर आणि गोळीबरोबर चहा घेऊ नये असे बजावले, कारण त्याने लोह नीट शोषले जात नाही, आणि पाळी आणखी लांबली तर पुन्हा यायला सांगितले. दोन आठवडे धावणे बंद आहे. चार दिवस पोळी खाल्ली आणि वजन ६६.१ झाले. हे पाणीच आहे, असे कोणीतरी पुन्हा एकदा लिहावे, म्हणजे मी उद्याही पोळी खाईन.

आमसूल

पाणीच आहे. उद्याही खा, आणि वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक सकाळी करा.

पळपुटा

दोन आठवड्यांनी धावायला सुरुवात होईल, तेव्हा कोणते बूट घालणार आहात? हा प्रश्न मी पहिल्याच प्रतिसादात विचारला होता.

अभ्यासिकेतली

कॅनव्हासचे आहेत. अकरावीत घेतले होते.