मदत हवी आहे: स्त्रीरोग-प्रसूतीच्या पीजीसाठी कॉलेजच्या नावावर किती विसंबावं?

नमस्कार मंडळी,

सध्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएसनंतरचं बंधपत्राचं वर्ष चालू आहे. नीट पीजीचा रँक बघता राज्याच्या कोट्यातून एमएस ओबीजीवाय, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतीची पदव्युत्तर (पीजी) जागा, मिळेल असं दिसतंय. विषय पक्का आहे, अडले आहे ती पसंतीक्रमापाशी.

पुढे काय करायचंय ते आधी सांगते, कारण उत्तर त्यावरच ठरेल. मला वसमतला परत येऊन प्रसूतिगृह चालवायचंय. आमच्याकडून बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबणारी बाई १०८ मध्ये घालून नांदेडला पाठवतात. गाडी निघून गेल्यावर फोनची वाट बघत बसणं आता सहन होत नाही. पीपीएच (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव), एक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके), अडलेलं बाळंतपण, फुटलेली एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ) हे रात्री दोन वाजता निभावता यावं असं शिक्षण हवंय. लॅप्रोस्कोपी आणि आयव्हीएफ नंतर शिकता येईल.

सीनियर्स एकच सांगतात, मुंबई मिळत असेल तर मुंबईच घे. केईएम, नायर, सायन, जेजे. नावं मोठी आहेत यात शंकाच नाही. ग्रँट मेडिकलमध्ये डॉ. शिरोडकर होऊन गेले, गर्भाशयमुखाचा टाका आजही जगभर त्यांच्या नावाने घातला जातो. त्याच जेजे समूहातलं कामा रुग्णालय १८८६ पासून बायकांसाठी उभं आहे. हे वाचलं की ऊर भरून येतो. पण त्या लौकिकातलं आज युनिटमध्ये राबणाऱ्या जेआर-वनच्या (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या) हाती काय लागतं?

दुसरीकडे घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज. अर्ध्या मराठवाड्याच्या गुंतागुंतीच्या केसेस तिथे जातात, त्यामुळे तिथून बाहेर पडलेल्याला लेबर रूमची भीती राहत नाही, असं ऐकलंय. नागपूरच्या मेडिकलबद्दल विचारलं तर शहरात मेयो आणि डागा ही रुग्णालयंही असल्याने पेशंट वाटले जातात, असं कोणी म्हणतं. सेवाग्रामला शिकवणं शिस्तीचं आणि खेड्यांशी थेट संबंध, हे सगळेच सांगतात. ससूनबद्दल दोन टोकांची मतं कानावर आली.

अजून एक, हे लिहिताना हात जड होतो. मे २०१९ मध्ये मुंबईत याच विषयाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका निवासी डॉक्टरने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचे आरोप होते. मीही आरक्षित जागेवरून येणार आहे, घरात आई रोज याबद्दल विचारते. विभागातलं वातावरण बाहेरून कसं ओळखायचं?

गोदाकाठ:
ताई, मी मराठवाड्यातल्याच सरकारी कॉलेजातून पीजी केलं आणि तालुक्याच्या गावी प्रसूतिगृह चालवते, म्हणून लिहिते.

नुसता पेशंटचा लोड ऐकून हुरळू नका. लोड खूप असला तरी पहिल्या वर्षी केसपेपर भरणं आणि रक्ताच्या पिशव्यांमागे धावणं एवढंच वाट्याला येऊ शकतं. युनिटं किती, एका युनिटला रेसिडेंट किती, इमर्जन्सी आठवड्यातून किती वेळा, हे विचारा. जागा वाढल्या की तेवढीच सिझर जास्त जणांत वाटली जातात. मग जेआर-थ्रीला गाठा आणि लॉगबुकातलं विचारा: स्वतः सर्जन म्हणून सिझर किती केली, पहिलं कोणत्या महिन्यात मिळालं, बाळ ओढून काढायचे व्हॅक्यूम-फोर्सेप्स कोण लावतं, व्हजायनल हिस्टेरेक्टॉमी (योनिमार्गे गर्भाशय काढणं) हातात येते का. आणि रात्री गर्भाशय काढायची वेळ आली तर लेक्चरर स्वतः येऊन उभे राहतात की फोनवरच सांगतात? माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. 'तिथे एकट्याने करायला मिळतं' याचं फार कौतुक होतं. शेजारी धरून शिकवणारं कोणी नसेल तर चुकीचीच सवय हाताला बसते.

हृदयविकार किंवा किडनीचा आजार असलेली गरोदर बाई कशी सांभाळायची हे केईएमसारख्या ठिकाणी छान शिकाल, कारण बाकीचे विभाग त्याच आवारात आहेत. पण तुम्हाला रोज लागणार आहे ते वेगळं: रक्तस्राव थांबवायला गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बांधणं, बी-लिंच टाका (गर्भाशय आवळून धरणारा), कंडोम टॅम्पोनाड (आत फुगवून दाब देणं), झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट सुरू करून बाईला स्थिर करणं. ऐनवेळी आलेल्या अनबुक्ड (आधी नाव न नोंदवलेल्या) बायका जिथे जास्त, तिथे हे अंगवळणी पडतं.

आणि तुमच्या यादीत नांदेडच नाही? तुमची प्रत्येक रेफर केलेली बाई उद्या तिथेच जाणार. तिथे तीन वर्षं काढलीत तर रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, बालरोगवाले, आसपासचे डॉक्टर सगळे ओळखीचे होतील. माझ्या गावात हीच ओळख मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. अंबाजोगाई आणि लातूरचाही विचार करा. जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची पोस्टिंग आता सगळीकडे सक्तीची आहे, तेव्हा त्या बाबतीत कॉलेजात फरक करू नका.

सह्यकडा:
वातावरणाबद्दल लिहितो, माझी बहीण याच विषयात जेआर-टू आहे. एकदा स्वतः जाऊन या. सीनियर समोर नसताना, कॅन्टीनमध्ये जेआर-वनशी बोला. गेल्या काही बॅचेसमधून किती जणांनी जागा सोडली ते विचारा, कारण दंड आणि बंधपत्र असूनही माणूस जागा सोडतो तेव्हा कारण साधं नसतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा लिहिलेली आहे. ती खरंच मिळते का, या प्रश्नावर समोरचा लगेच बोलतो की इकडेतिकडे बघतो, यावरून बरंच कळतं. आईंना सोबत न्या.

धागाकर्ती:
गोदाकाठ ताई, नांदेड घराजवळचं म्हणून मी विचारातच घेतलं नव्हतं. आता घाटी, नांदेड आणि सेवाग्राम तिन्ही ठिकाणी जाऊन येते, आई येतेय बरोबर. सह्यकडा, तुमचेही मनापासून आभार. या तिन्हींपैकी कुठे सध्या कोणी जेआर असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.