प्रति : स्थानिक रेल्वे आणि लोकसहभाग

ब्रिटनमधील 'सामुदायिक रेल्वे भागीदारी' (स्थानिक लोक व संस्थांनी रेल्वेसोबत मिळून आपल्या भागातील मार्गासाठी काम करणे) म्हणजे फलाटावर फुलांच्या कुंड्या ठेवण्यापलीकडे फारसे काही नाही, हे वरील एका प्रतिसादातील मत काही स्थानकांपुरते खरे असेलही. परंतु उत्तर इंग्लंडमधील सेटल–कार्लाइल या रेल्वेमार्गाचा इतिहास पाहता ते सरसकट मान्य करता येत नाही. 1970 मध्ये या मार्गावरील सेटल आणि ॲपलबी वगळता मधली सर्व स्थानके प्रवाशांसाठी बंद झाली होती. 1975 पासून यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने भाड्याने गाड्या घेऊन 'डेल्स रेल' ही सुट्टीच्या दिवसांतील सेवा सुरू केली, तिच्यासाठी बंद स्थानके तात्पुरती उघडली, आणि स्थानकावरून पुढे जाण्यासाठी जोडबस व मार्गदर्शकासह पदभ्रमंती यांचीही व्यवस्था केली. प्रवासी आहेत, फक्त गाडी थांबत नाही, हे यातून दिसले. पुढे संपूर्ण मार्गच बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 1981 मध्ये स्थापन झालेल्या, मार्ग वाचवू पाहणाऱ्या 'मार्गमित्रां'च्या संघटनेने हरकती गोळा केल्या, त्यांची संख्या 22 हजारांवर गेली, आणि त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता (त्याच्या भाड्याचे पैसे भरले जात असल्याने तोही प्रवासीच!). 1986 मध्ये, म्हणजे मार्गाचे भवितव्य ठरण्यापूर्वीच, आठ स्थानके नियमित सेवेसाठी पुन्हा उघडली, आणि एप्रिल 1989 मध्ये सरकारने मार्ग बंद करण्यास परवानगी नाकारली. गाड्या चालवणे हे काम अर्थातच रेल्वेकडेच राहिले, आणि ते तसेच असायला हवे.