गोल्फ कार्टची एक बॅटरी गेली, म्हणून आठही बदलायच्या?

मीटरवाला_बावधन
आमच्या सोसायटीत गेटपासून शेवटच्या इमारतीपर्यंत चांगलाच चढ आहे. ज्येष्ठांसाठी सहा सीटची गोल्फ कार्ट घेतली, तिला चार वर्षं होत आली. ४८ व्होल्टची, सीटखाली ६ व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या. गेल्या आठवड्यात बी विंगच्या आजी भाजीच्या पिशव्यांसकट मध्येच अडकल्या, दोन वॉचमननी गाडी ढकलत वर नेली. बॅटरीवाला आला, झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "सेट बदला."

मला पटलं नाही. मीटरच्या वायरींना क्लिपा लावून एकेका बॅटरीला जोडलं आणि तोच चढ आठ वेळा चढलो. उभ्या गाडीत आठही ६.२ दाखवतात, सगळ्या शहाण्यासारख्या. चढावर मात्र सात जणी ५.८ ला टिकतात आणि पाचव्या नंबरची धाडकन ३.९ वर येते. आतल्या तीन सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक बसलाय, दुसरं काय? चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी नवा जोड घेतं का? माझं मत: एकच बदला. कमिटीत यावरून दोन तट पडलेत.

रिसॉर्ट_मेंटेनन्स
कर्जतला एका रिसॉर्टवर अशा अकरा गाड्या सांभाळतो. तुमची चाचणी बरोबर आहे, उभ्या गाडीत मीटर लावून 'बॅटरी चांगली' म्हणणारे रोज भेटतात. पण निष्कर्ष चुकलाय. आठही एका माळेत आहेत. चार्जर आठांच्या व्होल्टची बेरीज बघतो, त्याला कोण म्हातारी, कोण तरणी कळत नाही. नवी बसवलीत की चढावर जुन्या आधी रिकाम्या होणार, आणि मग त्यांतली सर्वात कमजोर मरणार. सहा महिन्यांत पुन्हा एक, मग पुन्हा एक. सेट सहा महिन्यांच्या आतला असता तर मीही एकच बदलली असती. चार वर्षांवर नाही.

मीटरवाला_बावधन
म्हणजे सात चालत्या बॅटऱ्या भंगारात? तुमच्या रिसॉर्टला परवडतं हो. इथे मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढला तर जनरल बॉडीत खुर्च्या सरकतात.

इन्व्हर्टरकाळातला
थांबा. भांडताय कशावर? रात्रभर चार्ज करून ६.२? पूर्ण भरलेली बॅटरी चार्जर काढल्यावर काही तास विसावली तरी ६.३५ च्या आसपास हवी. तुमच्या सगळ्याच पाऊण भरतायत. लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टर होते, तेव्हा हे शेंबड्या पोराला कळायचं. चार्जर किती वेळ चालतो ते आधी सांगा.

कमिटीतली_मी
मी मीटरवाल्यांच्या विरुद्ध तटात, पण याचं उत्तर मलाच द्यावं लागेल. चार्जर रात्री अकराला लागतो आणि पहाटे चारला वॉचमन काढतो. कारण त्याच पॉइंटवर तो अंघोळीचं पाणी तापवतो. हे मला काल कळलं. आणि बॅटरीत पाणी माळीकाका घालतात. बागेच्या नळाचं.

रिसॉर्ट_मेंटेनन्स
झालं! बोअरवेलचं क्षाराचं पाणी आणि अर्धवट चार्ज. रोज अर्धपोटी ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, काही महिन्यांनी ते घट्ट होतं आणि मग सुटत नाही. म्हणूनच म्हणतो, पाचवी फक्त आधी पडली. बाकीच्या रांगेत आहेत.

इन्व्हर्टरकाळातला
तेही घाईचं. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, स्वस्तात मिळतो, तो आणा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर, बाकीचं पूर्ण चार्जनंतर. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्जिंगमध्ये ॲसिड फुगून बाहेर येतं आणि खालचा लोखंडी ट्रे खातं. चार्जर स्वतःहून बंद होईपर्यंत लावा, मग चोवीसही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ती घनता, घ्या. हातमोजे, चष्मा घालून. बाराशे साठच्या वर असलेले सेल अजून जिवंत आहेत.

लिथियम_लावा
एवढी उसाभर कशाला? लिथियम टाका, पाणी नाही, ॲसिड नाही. तुमच्या आठ बॅटऱ्यांचं वजन सव्वादोनशे किलोच्या घरात, निम्म्याहून जास्त ओझं उतरेल.

रिसॉर्ट_मेंटेनन्स
टाका की. चार्जरही बदला, आणि चढावर मोटर जेवढा करंट ओढते तेवढा त्या पॅकचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) देतो का ते लेखी घ्या. आमच्याकडे दोन गाड्यांना लावलं. एक उत्तम चालते. दुसरीत पॅक कमी ताकदीचा घेतला होता, चार माणसं बसली की चढावर बीएमएस गाडीच बंद करतो. आजी पुन्हा मध्येच.

मीटरवाला_बावधन
रविवारी सकाळी घेतली ग्रॅव्हिटी. वॉचमनच्या हीटरला दुसरा पॉइंट दिला, चार्जर चौदा तास चालला. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, त्याखाली एक लग (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी) अर्धी खाल्लेली निघाली, ती बदलली. चोवीसपैकी एकवीस सेल बाराशे साठ ते सत्तर. पाचवीचा मधला सेल अकराशे तीस. दुसरीचे दोन सेल बाराशे दहा. बाकी सहा ठणठणीत. मी माझ्या मतावर ठाम आहे.

रिसॉर्ट_मेंटेनन्स
काल एक होती, आज दोन झाल्या. दुसरीला आणखी चार-पाच पूर्ण चार्ज देऊन बघा, वर आली तर आली. आणि पाचवीच्या जागी नवी घालू नकाच. बॅटरीवाल्याकडे उतरवलेल्या सेटातली त्याच कंपनीची, त्याच वयाची एखादी बरी असते, चढावर तपासून घ्या. वर्ष निघालं तर तुमचं नशीब.

मीटरवाला_बावधन
म्हणजे एकच बदलायची ना?

कमिटीतली_मी
वर्षभराने सेट बदलायचाच, असं आताच मिनिट्समध्ये लिहायचं असेल तर माझी सही घ्या. नाहीतर चढावर ढकलायला तुम्ही या.