मदत हवी आहे: अल्टडॉर्फरच्या चित्रातला सिकंदर मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात सातवीच्या मुलांना जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट अल्टडॉर्फरचं १५२९ मधलं चित्र दाखवायचं आहे. विषय आहे इ.स.पू. ३३३ ची इससची लढाई, सिकंदर विरुद्ध इराणचा सम्राट दारयुश. मूळ चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयात आहे, लाकडी फळीवर रंगवलेलं. उंची जेमतेम १५८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरच्या दारापेक्षाही कमी, आणि त्यात हजारो सैनिक!

मी ए-थ्री प्रिंट काढून आणली, पण माणसांची नुसती मुंग्यांची रांग झाली. तीन पांढऱ्या घोड्यांच्या रथातून पळणारा दारयुश भिंग लावून सापडला, त्याच्यामागे भाला रोखून धावणारा सिकंदरही. मुलांना मात्र शोधता येईना. वर आभाळात लटकलेल्या पाटीची दोरी खाली त्यांच्याच दिशेने येते, ही खूण पुरेशी होईल का?

दुसरी अडचण कपड्यांची. ग्रीक सैनिक सोळाव्या शतकातल्या जर्मन चिलखतात, इराणी फेट्यांत. त्याच वर्षी तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता, हे सांगितलं तर मुलांना फेट्यांचा अर्थ पटकन लागेल, असं मला वाटतं. की सातवीला जड होईल?

कुणी म्युनिकला प्रत्यक्ष पाहिलंय का? किती अंतरावरून सिकंदर नीट दिसतो? आणि प्रोजेक्टर वापरू की तुकडे करून मोठ्या प्रिंट काढू? आमचा प्रोजेक्टर लाल रंग गुलाबी दाखवतो, हेही लक्षात घ्या.